टिपणीचं चौदावं पान

आमचे वडील, अप्पा, गेल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी काका घरी आले, ते आईला भेटायला नव्हे, दादानं लिहिलेलं शपथपत्र वाचायला.

"मसुदा आणलायस ना?" त्यांनी दारातच दादाला विचारलं. मग आठवल्यासारखं आईकडे वळून म्हणाले, "कशा आहात वहिनी?"

"आहे," आई म्हणाली.

काका सवयीनं टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला बसले. स्वयंपाकघराकडचं टोक अप्पांचं. तिथली खुर्ची रिकामी होती, पण तिच्यावर बसायचं नाही असं कुणी ठरवलेलं नव्हतं. दादा घाईघाईत तिच्यावरच बसला आणि लगेच उठून शेजारच्या खुर्चीवर गेला.

या टेबलाबद्दल आम्हांला एके काळी अभिमान होता, हे आधी सांगून टाकायला हवं. सरकारात फाईल कशी चालते हे आमच्या घरातल्या मुलांना पाढ्यांच्या आधी कळायचं. कक्ष अधिकारी टिपणी लिहितो, तिच्याखाली अवर सचिव, मग उपसचिव, मग सचिव आणि शेवटी मंत्री. प्रत्येकानं आधीच्याचं वाचायचं, पटलं नाही तर तसं लिहायचं आणि खाली सही करायची. पाच खोल्या, पाच माणसं, तीन-चार आठवडे. अप्पा कक्ष अधिकारी होते आणि काका आमदार. काका राज्यमंत्री झाले तेव्हा त्यांनी अप्पांना आपल्याच खात्यात मागून घेतलं. "घरचा माणूस असला की कामं अडत नाहीत," असं ते चारचौघांत सांगायचे. रविवारी अप्पा फायली घरी आणायचे आणि पाच खोल्यांचा प्रवास या टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उरकायचा. सोमवारपासून फाईल रीतसर वर चढायची, सह्या गोळा करायची. पण तिचं काय होणार हे आदल्या दिवशी आमच्याकडे ठरलेलं असायचं. मी आणि दादा स्वच्छ प्रती टंकून द्यायचो. कुणालाही यात काही गैर वाटलं नाही. कामं होत होती.

आता त्या खात्यात दादा उपसचिव होता, मी हायकोर्टाच्या निबंधक कार्यालयात होते, आणि कोर्टानं त्या खात्याकडे एका जुन्या फाईलचा जाब मागितला होता.

अकरा वर्षांपूर्वी मुलींच्या एका सरकारी वसतिगृहाचा जिना सकाळच्या घंटेनंतर कोसळला. तीन मुली गेल्या. त्याआधी सात आठवडे विधानसभेत एका विरोधी आमदारानं प्रश्न विचारला होता: हा जिना धोकादायक असल्याचा अहवाल अभियंत्यानं दिला आहे, हे खरे आहे काय? खात्यानं उत्तर दिलं होतं: असा कोणताही अहवाल शासनास प्राप्त झालेला नाही. ते उत्तर सभागृहात वाचून दाखवलं काकांनी, आणि लिहिलं होतं अप्पांनी. पुढे गेलेल्या मुलींपैकी एकीच्या आईला त्या अहवालाची प्रत मिळाली, आणि चार वर्षांपूर्वी ती कोर्टात आली. कोर्टाचा हुकूम होता की सोमवारी मूळ फाईल हजर करा आणि ते उत्तर कशाच्या आधारे दिलं ते जबाबदार अधिकाऱ्यानं शपथेवर सांगा.

"वाच," काका म्हणाले.

दादा वाचू लागला. त्याचा आवाज सभेत वाचतात तसा सपाट होता. "तत्कालीन कक्ष अधिकारी यांच्या निष्काळजीपणामुळे सदर अहवाल मंत्रिमहोदयांच्या निदर्शनास आणला गेला नाही. सदर अधिकारी आता हयात नाहीत."

"'निष्काळजीपणामुळे' काढ," काका म्हणाले. "'अनवधानाने' घाल. माझा भाऊ होता तो."

माझी भावजय हसली. ती शाळेत शिकवते म्हणून घरात सगळे तिला बाईच म्हणतात, दादासुद्धा. "छान," ती म्हणाली. "माणूस जाऊन एकोणीस दिवस झाले आणि त्याची बढती झाली. निष्काळजीपणावरून अनवधानावर."

"बाई, तू यात पडू नकोस."

"मी कुठे पडतेय? मी आठवीला नागरिकशास्त्र शिकवते. फळ्यावर तीन चौकोन काढते. हे कायदे करतात आणि सरकारला प्रश्न विचारतात, हे कारभार चालवतात, आणि हे दोघं चुकले तर तिसरे पकडतात. तिघं वेगळे का, तर एकमेकांवर लक्ष राहावं म्हणून." तिनं काकांकडे, दादाकडे आणि मग माझ्याकडे बोट केलं. "उद्यापासून एकच टेबल काढते."

मी पाण्याचा ग्लास उगाच पुढे सरकवला.

*

दादाला हे काम कसं मिळालं, ते त्यानं पुष्कळ दिवसांनी मला सांगितलं. त्यानं सचिवांना म्हटलं होतं, "सर, यात माझे वडील आहेत. दुसऱ्या कुणाला द्या." सचिव म्हणाले, "म्हणूनच तुम्हांला देतोय. मुलानंच बापाची चूक कबूल केली की पुढे कोण शंका घेणार?" नकार लेखी द्यायचा असतो, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं दिला नाही.

मग त्यानं फाईल उघडली. टिपणीच्या पानांवर क्रमांक असतात. तेरावं पान पिवळं पडलेलं, पंधरावं पिवळं, आणि मधलं चौदावं वेगळ्या कागदाचं, जरा पांढरं. दोऱ्याची भोकंही इतर पानांशी जुळत नव्हती. त्या पानावर अप्पांच्या अक्षरात लिहिलं होतं की विभागीय कार्यालयाकडून अहवाल आलेला नाही. अक्षर फार सुबक होतं. एरवी अप्पांचं अक्षर घाईचं असायचं. जे मनापासून लिहायचं नसे तेच ते इतकं सुबक लिहीत.

जुनं चौदावं पान कुठेतरी आहे, हे दादाला त्या क्षणी कळलं. कारण क्रमांक घातलेलं पान फाडायचं नसतं, ही अप्पांनी त्याला नोकरीतली पहिली गोष्ट शिकवली होती. त्यानं घरी फोन करून आईला विचारलं, अप्पांचे काही जुने कागद आहेत का? आई म्हणाली, नाहीत. फोन ठेवल्यावर त्याला हायसं वाटलं. तो मला म्हणाला, "अप्पा गेल्यानंतर मला पहिल्यांदा बरं वाटलं ते तेव्हा. विचार कर."

*

"मग ठरलं," काका म्हणाले. "अनवधानाने."

आई उठून आत गेली. आम्हांला वाटलं, चहाला. ती परत आली तेव्हा तिच्या हातात एक कागद होता, चार घड्या पडलेला. कपाटाच्या खणात अंथरलेल्या कागदाखाली तो अकरा वर्षं होता, आणि रोजचे कपडे काढताना तिचा हात त्याच्यावरून जात होता. तिनं तो दादासमोर ठेवला.

"तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले," ती म्हणाली.

दादानं कागद उघडला. वर कोपऱ्यात चौदा. खाली अप्पांचं घाईचं अक्षर. त्यानं मोठ्यानं वाचलं नाही. मी त्याच्या खांद्यावरून वाचलं.

अभियंत्याच्या अहवालाची प्रत या कक्षास मिळाली आहे. जिना वापरण्यास अयोग्य आहे. प्रश्नाचे उत्तर 'होय, हे खरे आहे' असे द्यावे, आणि वसतिगृह तात्काळ रिकामे करावे.

त्याच्याखाली काकांच्या हिरव्या शाईत दोन शब्द: चर्चा करावी. सही, तारीख. ती तारीख रविवारची होती.

"हे तुम्ही ठेवलंत?" काका आईला म्हणाले. त्यांचा आवाज दुखावलेला होता, संतापलेला नव्हता.

"त्यांनी दिलं. म्हणाले, फाडू नकोस आणि वाचू नकोस. पहिलं ऐकलं मी."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्या वेळी त्यांच्या मनात काय होतं, ते मी आज सांगू शकते. कारण पुढे आजारपणात ते माझ्याशी दोन-तीनदा त्यावर बोलले. त्यांना शुक्रवारचा शपथविधी दिसत होता हे खरं. पाच वर्षं सत्तेबाहेर राहिल्यावर या वेळी ते पूर्ण मंत्री होणार होते. पण त्याहून जास्त त्यांना तो जुना रविवार दिसत होता. थोरल्या भावाला ते टेबलापलीकडून समजावत होते: अप्पा, 'होय' म्हटलं की पुढचा प्रश्न येणार, मग मुली अजून तिथं का आहेत? एकशेवीस मुली एका आठवड्यात कुठं हलवू? इमारत कुठंय? पुढच्या महिन्यात पुरवणी मागण्यांत दुरुस्तीची तरतूद करतो. एका महिन्याचा प्रश्न आहे. आणि तरतूद त्यांनी खरंच केली होती. ती फाईल वित्त खात्यात एका शेऱ्यासाठी अडकली असतानाच जिना पडला. काका स्वतःला वाईट माणूस समजत नव्हते. अजूनही नाही.

"आता नीट ऐक," ते दादाला म्हणाले. "हे पान कोर्टात गेलं नाही, तर तुझा बाप कामात चुकलेला माणूस आहे. असे हजार असतात, लोक विसरतात. हे पान गेलं, तर तुझ्या बापाला माहीत होतं. माहीत असून त्यानं पान बदललं. तीन मुली, आणि त्याला माहीत होतं. कोणता बाप हवाय तुला?"

दादाचा चेहरा पडला. कारण काका खोटं बोलत नव्हते.

"आणि तुम्ही?" बाईनं विचारलं.

"माझे दोन शब्द आहेत तिथं. चर्चा करावी. गुन्हा आहे का तो? चर्चेत काय झालं हे कुठं लिहिलंय?"

"लिहिलेलं नाही," मी म्हणाले. "पण आपण दोघं इथंच होतो."

काका माझ्याकडे वळले. लहानपणापासून ते मला गमतीनं न्यायमूर्ती म्हणतात. "न्यायमूर्ती, मी तुझं नाव काढणार नव्हतो," ते म्हणाले. "पण चर्चेचं विचारलं तर मला कोण कोण होतं ते सांगावं लागेल." मग ते दादाला म्हणाले, "'शासनास प्राप्त झालेला नाही' हे वाक्य कुणाचं होतं, ते विचार तुझ्या बहिणीला."

दादानं माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच माहीत नव्हतं. त्या रविवारी तो परीक्षेसाठी बाहेरगावी होता.

*

मी तेव्हा कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होते. टंकायला बसले होते. अप्पा आणि काका तासभर बोलत होते. काका म्हणत होते, उत्तर 'नाही' असं द्या. अप्पा म्हणत होते, ते धडधडीत खोटं होईल, मी लिहिणार नाही. ते खरंच लिहायला तयार नव्हते. हे मला सांगितलंच पाहिजे. आणखी अर्धा तास तसाच गेला असता, तर कदाचित काका कंटाळून उठले असते.

पण मला राहवलं नाही. मला माझी हुशारी दाखवायची होती. मी म्हणाले, "अप्पा, अहवाल विभागीय कार्यालयाला लिहिलाय. तुमच्या कक्षाला फक्त माहितीसाठी प्रत आली आहे. म्हणजे तो शासनास प्राप्त झालेला नाही, असं म्हणता येतं. ते खोटं नाही."

काका हसले, टेबलावर थाप मारून म्हणाले, "हिला न्यायाधीश करा!" अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत थोडं कौतुक होतं आणि थोडी सुटका. दुसरं काहीतरीही होतं, ते मला तेव्हा वाचता आलं नाही. मग ते म्हणाले, "टंक."

जिना पडल्यानंतर अप्पा यावर माझ्याशी एकदाही बोलले नाहीत. मला वाटत राहिलं, ते विसरले. नंतर वाटलं, ते मला वाचवतायत. शेवटच्या आजारात मी रोज त्यांच्याजवळ बसत होते. विचारायला पुष्कळ वेळ होता. मी वर्तमानपत्र वाचून दाखवलं.

आणि चार वर्षांपूर्वी त्या मुलीच्या आईची याचिका आली, ती माझ्याच टेबलावर. मी कागद तपासले, त्रुटी नाही असं लिहिलं आणि क्रमांक घातला. या प्रकरणात माझ्या घरचे आहेत, मला यातून वगळा, असं एक ओळीचं पत्र द्यायचं होतं. मी ते उद्यावर टाकलं, आणि तो उद्या चार वर्षं आला नाही.

हे सगळं मी टेबलाशी बसून सांगितलं, जवळजवळ याच शब्दांत.

"तुझी नोकरी जाईल," शेवटी दादा म्हणाला.

"जाईल बहुतेक."

"मग राहू दे. पान आत ठेव, आई. मी अनवधानानेच लिहितो." तो आईकडे न बघता बोलला. त्याला मला वाचवायचं होतं. त्यात त्याचीही सुटका होती, आणि हे आम्हां दोघांनाही दिसत होतं. मला भीती वाटली, कारण क्षणभर मला ते हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

"त्या दिवशी मी चहा दिला," आई म्हणाली. "तीनदा. सगळं ऐकत होते. तिसऱ्यांदा आले तेव्हा तुमचं ठरलं होतं, तर मी म्हटलं, बरं झालं, सुटला एकदाचा प्रश्न. माझंही लिही."

"आई, चहा देणं शपथपत्रात येत नाही."

"मग तुमचं शपथपत्र अपुरं आहे," ती म्हणाली आणि आपल्या खुर्चीत नीट बसली, काम संपेपर्यंत उठणार नाही अशी.

काका उभे राहिले. "शुक्रवारी माझी शपथ आहे, वहिनी. सगळ्या जिल्ह्यातून माणसं येणारेत."

"ह्यांची उद्या आहे, कोर्टात," बाई म्हणाली. "आमच्याकडून कुणी येणार नाही."

काका थोडा वेळ तसेच उभे राहिले. कुणीतरी बसा म्हणेल असं त्यांना वाटत असावं. मग ते गेले. जाताना त्यांनी दार हळू लावलं. आपटलं असतं तर आम्हांला सोपं गेलं असतं.

"लिही," मी दादाला म्हणाले.

त्यानं नवा कागद घेतला. चौथ्या परिच्छेदाशी तो थांबला. "कसं लिहू? 'एका नातेवाइकाने'?"

"अधिकाऱ्याच्या मुलीने. आणि सुचवलं असं लिही. टंकलं एवढंच लिहू नकोस."

*

सोमवारी मी कामावर पोचले ती थेट निबंधकांकडे गेले आणि चार वर्षं न दिलेलं पत्र दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. "आज तुम्ही घरी जा," ते म्हणाले. "पुढचं कळवू." मला बसा म्हणायचं ते विसरले. ते मुद्दाम नव्हतं, हे मला माहीत आहे.

दादानं शपथ घेतली, सही केली. फाईल, त्यात दोन्ही चौदावी पानं, पेटीत बंद होऊन आत गेली. शपथपत्राची एक प्रत रिवाजाप्रमाणे समोरच्या पक्षाला दिली गेली. सुनावणीला वेळ होता. मी माझी पिशवी घेऊन बाहेर पडत होते, तेव्हा बाकावरून हाक आली.

"मॅडम."

ती याचिका करणारी, गेलेल्या मुलीची आई होती. ती एका रुग्णालयाच्या धुलाईघरात कामाला होती, तिच्या बोटांची कातडी कायम सुरकुतलेली असायची. चार वर्षं ती खिडकीशी येऊन तारीख विचारायची आणि मी तिला नीट सांगायचे, कधी पाणी द्यायचे, कधी बसायला जागा. बाकीचे वसकन ओरडायचे, मी नाही. त्याबद्दल तिनं एकदा माझे हात धरले होते.

"वकीलसाहेब आत गेलेत, हे देऊन." तिनं कागद पुढे केले. "वाचता येतं मला, पण तुमच्या लोकांचं लिहिणं कळत नाही. जरा सांगता का काय लिहिलंय? तुम्ही नीट सांगता."

मी तिच्या शेजारी बसले. पहिला परिच्छेद वाचला, सोपा करून सांगितला. ती मान हलवत होती. दुसरा वाचला. तिसऱ्यात अप्पा होते. अहवाल मिळाला होता, आधी खरं लिहिलं होतं आणि मग पान बदललं. तिनं ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं.

"म्हणजे त्याला ठाऊक होतं."

"हो."

"पुढं?"

मी चौथा वाचला, शब्द न बदलता. तो सोपा करून सांगायची गरज नव्हती.

समोरून शिपाई पेट्या घेऊन जात होते. "मुलीनं सुचवलं," ती म्हणाली. "केवढी असेल?"

"तेवीस."

"माझी पंधराची होती." तिनं पदरानं बोटं पुसली. "ती मुलगी आता कुठं असते?"

"इथंच," मी म्हणाले. "तुमच्या शेजारी."

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या मांडीवरचे कागद तिनं एकेक करून उचलले, कडा जुळवून सरळ केले आणि पिशवीत घातले. मग ती बाकाच्या दुसऱ्या टोकाला सरकली.

"पुढचं मी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेते," ती म्हणाली.